मामांची शिस्त आणि डिंगोऱ्याची मासवडी

चहा कपात तसाच राहू दिला, की त्याच्यावर साय धरते. आधी कडेने एक बारीक तपकिरी रेघ उमटते. मग मधला भाग निस्तेज होतो, आणि वाऱ्याची झुळूक आली की त्यावर सुरकुत्या पडतात. डिंगोऱ्यात गेणभाऊंच्या ओसरीवर चार कप ठेवले होते. तीन रिकामे झाले होते. चौथ्यावर सुरकुत्या पडल्या होत्या, आणि घरातली सगळी माणसं दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत त्या चौथ्या कपाकडेच बघत होती.

तो कप चिमाजीमामांचा होता. मामा आपल्या भाच्याला, सुनीलला, मुलगी दाखवायला घेऊन आले होते. सुनीलचे वडील लवकर गेले, तेव्हापासून त्याच्या घरात वडीलधारा शब्द मामांचाच. सोबत मध्यस्थ म्हणून संपतराव होते. मुलगी गेणभाऊंची जया.

मुलगी पसंत नसली तर पाहुणे तसं तोंडावर सांगत नाहीत. "विचार करून कळवतो" म्हणतात आणि जीपमध्ये बसतात. पण घरातल्या जाणत्या बायका तेवढं थांबत नाहीत. त्या कप उचलायला येतात, कोणाच्या कपात किती उरलंय ते बघतात आणि आत जातात. गेणभाऊंची आई प्रयागबाई तशी बाहेर आली, चौथ्या कपापाशी थबकली आणि रिकामे तीनच कप उचलून आत गेली.

"मागं एक पार्टी आली व्हती," आतून तिचा आवाज आला. तो दबका आहे असं तिला वाटत होतं. "तिनं अर्धा कप ठिवला, तर आठवड्यात नकार आला. ह्यांनी तर तोंडच लावलं न्हाई. तवा कळवतीलसुदिक का न्हाई, कुणाला ठावं!"

गेणभाऊ घसा खाकरून म्हणाले, "पावणं, च्या निवला. दुसरा आणू का?"

"नगं नगं," मामा म्हणाले. "मी च्या सोडलाय."

हे खरं होतं. नारायणगावात एका शिबिराला मामा सहज म्हणून गेले होते आणि पार बदलून आले होते. तिथले वक्ते म्हणाले होते, मन हे वासरासारखं असतं. एकदा दावं सुटलं की ते थेट गाईकडे पळतं, आणि पळता येतं हे पुन्हा विसरत नाही. म्हणून सवय लावायची असेल, तर पहिले काही दिवस अपवाद नाही. मामांनी आयुष्यात तंबाखू अनेकदा सोडली होती आणि दर वेळी कोणाच्या तरी लग्नात परत धरली होती. "आजचा एक दिस" हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते वाक्य टाकून दिल्यावर चहा सुटला, आणि आपल्याला काहीतरी सोडता येतं याचा त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी एकामागून एक सवयी लावून घेतल्या. दोन जेवणांच्या मध्ये काही खायचं-प्यायचं नाही. घास सावकाश चावायचा. पानात टाकायचं नाही. आणि अगदी अलीकडची सवय म्हणजे, पहिल्या घासापासून ताट रिकामं होईपर्यंत बोलायचं नाही.

शेवटच्या सवयीवर त्यांची बायको गोजरबाई सगळ्यांत खूश होती. जेवताना मामा पूर्वी इतके बोलत, की आपण कोणाच्या ताटातलं खातोय याचंही त्यांना भान नसे. आता घरात बातम्या ऐकू येऊ लागल्या होत्या. पण आज निघताना तीच म्हणाली होती, "आज पावण्यांत चाललाय. एक दिस ऱ्हाऊ द्या तुमची शिस्त."

"वासराला एक दिस मोकळं सोडलं की..."

"वासराचं मरू द्या. पोराचं बघा."

गेणभाऊ मात्र "सोडलाय" हा शब्द ऐकून खुर्चीत मागे टेकले. "कवा सोडला?"

"झालं की थोडं दिस."

"आवो, मागल्याच महिन्यात टोमॅटोच्या मार्केटात आपण दोघं बसलो व्हतो. तुमी लागोपाठ दोन घेतलं. म्हणला, गेणभाऊ, च्याबिगर आपलं इंजिन सुरू व्हत न्हाई."

"तवा व्हत नव्हतं. आता व्हतंय," मामा म्हणाले. ते शब्दशः खरं होतं, म्हणूनच फार खोटं वाटलं.

संपतराव मध्ये पडले. मध्यस्थाचं कामच ते. "च्या नसंल तर दूध घेत्याल. घ्या की मामा, घोटभर."

"जेवायच्या आदी मधी काय न्हाई."

"मंग पव्हं?"

"त्ये तर अजिबात न्हाई."

जया पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा हे शेवटचं वाक्य हवेत होतं. तिने तीन बशा वाटल्या आणि चौथी हातातच धरून ती समोरच्या पाटावर बसली. संपतरावांनी रीतीप्रमाणे सांगितलं, "सुनीलराव, इचारा काय इचारायचं त्ये."

सुनीलचं नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळकी मोटार समोर आली, की तो वासावरून सांगे, तार नव्याने भरायची की मोटार टाकून द्यायची. त्यात त्याला क्षणही लागत नसे. बाकी जगाबाबत मात्र त्याचं मत "मामा सांगतील तसं" असं होतं. कितीतरी मुली पाहून झाल्या होत्या, आणि एकीलाही त्याने हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. ते म्हणायचं काम नेहमी मामांनी पार पाडलं होतं. त्याची आई साळुबाई म्हणायची, "मोटार जळायच्या आत फ्यूज उडतो. माझ्या पोराचा फ्यूजबी उडत न्हाई, आन् मोटारबी फिरत न्हाई."

तो आताही मामांकडे बघू लागला. तेव्हा जयाच म्हणाली, "मी इचारू का? आमची मोटार ह्या सालात दोनदा जळली. लोक म्हणत्यात, वाइंडिंग हलकं भरलं. मला वाटतं, तसं न्हाई. दुपारी समद्यांच्या मोटारी एकदम चालू व्हत्यात, तवाच ती गरम व्हती. बल्ब बी तवाच लाल दिसतो."

सुनीलने मान वर केली. "व्होल्टेज पडतं. मोटार तेवढंच पाणी वढाया बघती, मंग करंट जास्त घेती. सकाळी किती गरम व्हती?"

"हात ठिवता येतो."

"आन् दुपारी?"

"ठिवून काढता येतो," जया म्हणाली, आणि सुनील हसला. मुलगी पाहायच्या कार्यक्रमात तो आजवर हसला नव्हता. मामांनी ते पाहिलं. संपतरावांनी पाहिलं. गेणभाऊंनी मात्र पाहिलं नाही, कारण ते जयाच्या हातातल्या चौथ्या बशीकडे बघत होते.

"हे बगा पावणं," ते म्हणाले, "मी सरळ माणूस हाय. वतूरच्या एका स्थळाचं बी बोलणं चाललंय. त्यांना पोरगी पसंत पडलीय. आज सांजच्याला मला त्यांना शब्द द्यायचाय. तुमचं काय त्ये आजच कळलं, तर बरं व्हईल."

सुनीलने पोह्यांची बशी खाली ठेवली. मामांना परिस्थिती एकदम लख्ख कळली. आता काहीतरी असं करायला हवं होतं, की या घराला आपलेपणा दिसेल. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आपल्या जेवणाची वेळ झालेली पाहून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"असं करा," ते मोठ्याने म्हणाले, "आमी जेवूनच जातो. जेवताना बोलू समदं!"

हे वाक्य जुन्या चिमाजींचं होतं. शिस्तीआधीचं. तोंडातून निघून गेल्यावर मामांना त्यातली चूक दिसली, पण तोवर सगळं घर उजळलं होतं. जेवायला थांबणारा पाहुणा नकार देत नाही. प्रयागबाईने आतून हाक दिली, "जया, मासवडी थाप गं! लसूण हात राखून टाकू नगं!" चुलीवर रस्सा चढला. गेणभाऊ मोकळेपणाने टोमॅटोवर पडलेल्या रोगाबद्दल बोलू लागले. मामाही बोलले, नेहमीपेक्षा जास्तच बोलले. फक्त मुद्द्याचं बोलायचं राहून गेलं, कारण ते जेवताना बोलायचं ठरलं होतं.

पाट मांडले गेले. बाजरीच्या भाकरी, तेलाची तर्री आलेला रस्सा, आणि ताटाच्या कडेला तीळ-खोबरं भरलेल्या मासवड्यांच्या ओल्या, गुबगुबीत तिकोनी वड्या. मामांनी हात जोडले, पहिला घास घेतला, आणि गप्प झाले.

गेणभाऊंनी रस्सा ओरपला. "हां, बोला पावणं. काय इचार?"

मामा चावत होते.

"म्हंजे पोरगी कशी वाटली?"

मामांनी डावा हात वर करून हलवला. त्याचा अर्थ, थोडं थांबा, जेवण होऊ द्या. पण तो हात हवेत जसा हलला, तसा तो नारायणगावच्या बाजारात गिऱ्हाईक परत पाठवताना हलवतात. गेणभाऊंचा घास हातातच राहिला.

सुनीलने मामांकडे पाहिलं. तो आईबरोबर दुकानामागे राहत असे. चहा सुटल्याचं त्याला माहीत होतं, या मौनाची खबर त्याच्यापर्यंत पोचली नव्हती. जेवताना गप्प असलेले मामा त्याने जन्मात पाहिले नव्हते. मुलगी मामांना इतकी नापसंत आहे की त्यांचं बोलणंच बंद झालंय, असा निष्कर्ष त्याने काढला, आणि हातातल्या माहितीवर तो बरोबरच होता.

मामांच्या मनात मात्र जोराची ओढाताण चालली होती. एक शब्द बोलला तर काय बिघडेल? आजचा एक दिवस! आणि हे वाक्य ओळखून ते दचकले. वासराने दाव्याला हिसका दिला होता. नाही. उपाय सोपा होता. ताट लवकर रिकामं करायचं आणि बोलायचं. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा उचलला.

त्याच क्षणी प्रयागबाईने त्यांच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

मामांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. पण हात आडवे धरणं ही त्या भागात पाहुण्याची रीत आहे. तोंडाने "नको, बास, पोट भरलं" असं म्हटल्याशिवाय त्याला अर्थ नसतो. प्रयागबाई मनातून चिडली होती. तरी आपल्या दारात जेवलेला माणूस अर्धपोटी गेला असं कोणी म्हणू नये, म्हणून तिने बोटांच्या फटीतून रस्सा ओतला.

"नगं म्हणत न्हाईत, म्हंजे पायजेल," ती म्हणाली. "आन् चांगलं झालंय असं बी म्हणत न्हाईत! पावणं, मासवडी बरी झालीय का?"

मामांनी डोळे मिटून जोरजोरात मान हलवली. डोळे त्यांनी खरोखर चवीने मिटले होते.

"तिखट लागली वाटतं," संपतराव हताशपणे म्हणाले.

दुसरी भाकरी मामांनी नियम मोडू न देता जितकी भरभर चावता येईल तितकी चावली. ती संपत आली तशी तिसरी पडली. त्यांच्या कपाळावर घाम आला. ते सुनीलला कोपराने ढोसू लागले, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवू लागले, मग ताटाकडे, मग जयाकडे बोट दाखवू लागले. गेणभाऊंनी हा सगळा प्रकार पाहिला. आधी ओठ, मग ताट, मग पोरगी. गप्प बसा, जेवा, आणि पोरगी राहू द्या. यापेक्षा स्पष्ट काय असतं?

ते शांतपणे उठले आणि हात धुऊन आले.

"संपतराव, वाईट वाटून घिऊ नगा," ते म्हणाले. "पसंती काय जबरीनं व्हत न्हाई. पावण्यांनी निवांत जेवावं. मी वतूरला फोन लावून घेतो." कोनाड्यातल्या फोनचा रिसीव्हर उचलून त्यांनी नंबर फिरवला, कान दिला आणि म्हणाले, "एंगेज येतोय."

मामांच्या तोंडात घास होता, ताटात भाकरी होती, आणि प्रयागबाईच्या हातात चौथी तयार होती. त्यांनी सुनीलकडे इतक्या काकुळतीने पाहिलं, की वासावरून मोटारीचा दोष ओळखणाऱ्या माणसाला त्यातलं काहीतरी कळायला हवं होतं. पण सुनील ताटातल्या वडीकडे बघत होता.

स्वयंपाकघराच्या दारातून जया सगळं बघत होती. मामांचं बोट, घाम, चावणं, आणि ताट रिकामं करायची धडपड. तिने ते एकत्र मांडून बघितलं.

"आज्जी, वाढू नगंस," ती म्हणाली. "मामा जेवताना बोलत न्हाईत. मौन हाय त्यांचं. ताट संपलं की बोलणार हायेत, आन् तू संपू दिईना!"

मामांनी आनंदाने दोन्ही हात वर केले.

"मौन?" गेणभाऊ रिसीव्हर धरून वळले. "मंग इतका येळ कुणी सांगितलं का न्हाई?"

"ज्याला सांगायचं त्याला बोलता येत न्हाई," जया म्हणाली.

"बरं, पण मौनात हो हाय का न्हाई हाय? मला कसं कळावं?" गेणभाऊंनी परत नंबर फिरवला. या वेळी पलीकडे घंटा वाजू लागली. ओसरीवरही ती ऐकू येत होती.

जया पदराला हात पुसत पुढे आली आणि सुनीलच्या ताटासमोर उभी राहिली. "मामांचं मौन समजलं मला. तुमचं बी हाय का?"

सुनीलने सवयीने मामांकडे पाहिलं. मामा चावत होते. तिकडून काही येणार नव्हतं. निदान ताटातली भाकरी संपेपर्यंत तरी नव्हतं. पलीकडे कोणीतरी फोन उचलला. "हॅलो, कोन?" असा बारीक आवाज आला. गेणभाऊंनी तोंड उघडलं.

सुनील उभा राहिला. त्याच्या उजव्या हातावरून रस्सा कोपरापर्यंत ओघळला होता.

"फोन ठिवा भाऊ," तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला, आणि चुलीपाशीची मांजर उठून बाहेर गेली. "मामांना इचारू नगा. पोरगी मला पसंत हाय. जया हो म्हणत आसंल, तर मी लगीन हिच्यासंगंच करणार."