विहिरीतल्या बाईचं लुगडं

"ही कादंबरी वाचली की कॉलेजातलं एक पोरगं एकटं मोरीत जाणार न्हाई!" असं कोमलनं घरात जाहीर केलं, तेव्हा तिची अडीच प्रकरणं लिहून झाली होती. तिसऱ्यात ती दोन महिने अडकली होती, बाभळीच्या काट्यात अडकलेल्या ओढणीसारखी. विहिरीत उभी असलेली, लुगडं हरवलेली एक बाई तिनं निर्माण केली होती खरी, पण ते लुगडं नेलं कोणी, हे खुद्द लेखिकेलाच ठाऊक नव्हतं!

घरात बसवेना, उठवेना. शेवटी भर दुपारी ती कुरुंदा गावच्या आपल्या शेतात गेली, विहिरीच्या कठड्याआड बसली आणि मोबाईलवर बोलून टाइप करू लागली. भूत जिवंत वाटावं म्हणून आवाज घोगरा काढला.

"सात वर्षं मी या पाण्यात उभी आहे... माझं लुगडं कोणी नेलं?"

पलीकडच्या सऱ्यांत मजुरीला आलेली जिवनबाई हळद वेचत होती. तिनं टोपलं तिथंच टाकलं आणि बांधावरून अशी धूम ठोकली की चपला मागून हळूहळू येत राहिल्या!

दुसऱ्या दिवशी शेतात एकही बाई आली नाही. कोमलचे वडील विश्वंभरअप्पा बांधावर येरझाऱ्या घालत होते.

"हळद उकरून उघडी पडली, वरून आभाळ भरून राहिलं! अन् बाया म्हनतात, विहिरीत बाई हाय!"

सरीत पडलेलं जिवनबाईचं टोपलं कोमलनं पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. ती थेट जिवनबाईच्या दारात गेली. तिथं दहाबारा बाया जमल्याच होत्या.

"मावशी, घाबरू नका. विहिरीतली ती बाई मीच होते!"

"कबूल झाली!" जिवनबाई किंचाळली. "शालूबाई, मीठमिरच्या आन!"

"अहो, झपाटलं न्हाई मला! कादंबरी हाय! हे ऐका."

कोमलनं मोबाईल काढला, घाईत भलतंच बटण दाबलं आणि मोबाईलच स्वतः वाचू लागला. कोमलचं तोंड बंद, आणि हातातून सपाट बायकी आवाज : "सात वर्षं मी या पाण्यात उभी आहे..."

अंगण क्षणात रिकामं! दाराआडून फक्त चुलीत टाकलेल्या मिरच्यांचा धूर बाहेर आला. कोमल इतकी शिंकली की मोबाईल हातातून निसटून पाण्याच्या बादलीत पडला. भूत बुडबुडलं आणि गप झालं.

मग रडवेल्या कोमलनं खांद्यावरच्या पिशवीतली कादंबरीची वही काढली आणि उंबऱ्यावर बसून मोठ्यानं वाचायला लागली. पहिलं प्रकरण. दुसरं. एकेक बाई दारातून सरकत पुढं आली. अर्ध्या तिसऱ्यावर ती थांबली.

"पुढं?" शालूबाईनं विचारलं.

"पुढं लिहिलंच न्हाई."

"म्हंजे? लुगडं कोनं नेलं?"

"तेच सुचून न्हाई राहिलं."

"मंग सुचू दे! तंवर आमी कामाला येत न्हाई."

आभाळ गडगडलं. कोमलनं घाईघाईनं पेन काढलं. "चोरानं नेलं," ती म्हणाली.

"हट्! जुनं लुगडं चोर कशाला नेतंय?"

"मग... वाऱ्यानं?"

"सासूनं नेलं," जिवनबाई शांतपणे म्हणाली. "बाई माहेरी निघाली व्हती. जाऊ नये म्हून नेलं."

कोमलचं पेन पळत सुटलं. दोन महिने जे साधलं नव्हतं ते अर्ध्या तासात कागदावर आलं. तिनं वाचून दाखवलं, बायांनी डोळ्यांना पदर लावले, आणि सगळ्या उठून शेताकडं निघाल्या. पावसाच्या आत हळद झाकून झाली.

ताडपत्रीचा शेवटचा कोपरा दाबताना कोमलला राहवेना.

"मावशी, खरं सांगा. भीती वाटली ना?"

"भीती कशाची? आपल्यातलीच हाय ती," जिवनबाई म्हणाली. "पर लेकरा, सात वर्षं झाली, पुढच्या धड्यात तिला भाकर तरी खाऊ घाल!"