गुणवंतभाऊंचं बिनफुलांचं झाड

गुणवंतभाऊ माणसांना अरे-तुरे करायचे आणि झाडांना अहो-जाहो. समोर शेठ असो, डॉक्टर असो, की विमानतळावर शिक्का मारणारा साहेब असो, सगळे 'तू'. पण संत्र्याच्या झाडाजवळ गेले की आवाज खाली यायचा. "काल वारा लय होता, तरास झाला का तुमाले?" मग पान उलटून बघायचे, मान हलवायचे, जणू झाडानं उत्तर दिलं.

मी एकदा कारण विचारलं. हातातली कैची पुसत म्हणाले, "मानूस रुसला तं चहा पाजून मनवता येते. झाड रुसलं का खतम. त्याच्याशी सांभाळूनच बोला लागते."

चांदूर बाजारजवळ त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. आजोबांपासूनची. जंबेरी लिंबाच्या रोपाची साल चाकूनं चिरायची, तिच्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटीचा कोंब, बसवायचा आणि पट्टी बांधायची. हे काम ते बोलता बोलता, तोंडातला तंबाखूचा खर्रा सांभाळत करायचे आणि त्यांनी बांधलेल्या शंभरातले पंच्याण्णव डोळे फुटायचे. मी अकोल्याला शेतीची पदवी घेतलेला, फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानात बसणारा माणूस. माझे शंभरातले पंच्याण्णव वाळायचे.

आमची जोडी जमली ती टांझानियामुळे. तिथे टांगा शहरापासून आत, एका शेठला संत्र्याचा बगीचा उभा करायचा होता. त्याला दोन माणसं हवी होती. भाऊंच्या भाषेत एक डिगरीवाला आणि एक हातवाला. डिगरी माझ्याकडे होती. हिंमत नव्हती. एकट्यानं परदेशात जायची तर नव्हतीच. म्हणून मी चांदूर बाजारच्या पाच चकरा मारल्या. भाऊ बावन्न वर्षांचे, बायको जाऊन दोन वर्षं झालेली, एकुलती मुलगी शोभा बार्शीटाकळीला दिलेली. चार वेळा ते म्हणाले, माह्यं इथं काय वाईट हाय. पाचव्या वेळी मी खरं बोललो. म्हटलं, भाऊ, तुम्ही नसाल तर माझ्यानं होणार नाही.

त्यांनी हातातला चाकू पुसून बाजूला ठेवला. "संगं जाऊ, संगं येऊ?"

"संगं येऊ," मी म्हणालो.

खरं बोलण्याचा माझा साठा तिथेच संपला असावा.

आम्ही उतरलो तेव्हा बाहेर दमट गरमी होती. शेठचा माणूस आम्हाला जपायला लागला, उन्हाचं सांभाळा म्हणाला. भाऊंनी डोक्यावरचा रुमाल काढून घडी घातली. आमच्याकडे मे महिन्यात ये, मग ऊन कशाला म्हणतात ते दाखवतो, हे त्यांनी त्याला वऱ्हाडीत समजावलं. तो हसला. भाऊंना वाटलं, समजलं त्याला.

भाषेची त्यांना कधी अडचण आलीच नाही. बगिच्याचा मुकादम जुमा स्वाहिली बोलायचा आणि हे वऱ्हाडी. दोघं तासन् तास बोलत. पहिल्याच आठवड्यात भाऊ मोठा शोध घेऊन आले. इथे चहाला 'चाय' म्हणतात, चपातीला 'चपाती', दुकानाला 'दुका', पुस्तकाला 'किताबू' आणि वेळेला 'वकाती'. निष्कर्ष तयार होता. "हे आपलेच लोक हायेत रे. बार्शीटाकळीच्या थोडे पुढं निघून गेले, एवढंच." वर्षभरानं जुमा सकाळी आमच्या दारात उभा राहून "काहून बे, उठला का?" असं विचारू लागला. शेठलाही त्यानं एकदा तसंच विचारलं. त्याची बोलणी मात्र मला बसली.

भाऊ काळ बहारात मोजायचे. झाडं फुलायची ती वेळ म्हणजे बहार. आमच्याकडे आंब्याला मोहोर येतो तेव्हाचा आंबिया बहार, आणि पावसाच्या तोंडाशी येतो तो मृग बहार. त्यांचं वय विचारलं तर बावन्न आंबिया झाले म्हणायचे. घरी कधी जायचं असं कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर: "एक बहार अजून. संगं आलो, संगं जाऊ."

पण तिथे या हिशोबाचा पार चुथडा झाला. संत्र्याला बहार आणायचा तर आधी झाड ताणावर सोडतात. पाणी तोडायचं. महिना-दीड महिना झाड तहानलेलं ठेवायचं. पानं मिटतात, काही गळतात, आणि मग पाणी दिलं की झाड जीव खाऊन फुलतं. आमच्याकडे हे डिसेंबरात करतात. म्हणून भाऊंनी तिथेही डिसेंबरात पाणी तोडलं. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशी पाऊस. भाऊंनी गावातून प्लॅस्टिकचे कागद आणले आणि शेठच्या जुन्या दोनशे झाडांच्या बुंध्याभोवती अंथरले. सगळे मजूर पावसात उभं राहून झाडांना पाण्यापासून वाचवत होते. जुमानं माझ्याकडे पाहून कपाळाला बोट लावलं. झाडांनी त्या वर्षी काहीच ऐकलं नाही, वाटेल तेव्हा दोन-दोन फुलं काढली. भाऊ वैतागले. "तुमी झाडं हा का बसस्टँड? कवाबी या, कवाबी जा." रागातही तुमीच. पुढे त्यांनी तिथलं आभाळ समजून घेतलं. जानेवारी-फेब्रुवारीत कोरडं जातं, तेव्हा ताण द्यायला लागले, आणि मार्चच्या पावसाबरोबर बगीचा असा फुलायचा की आमच्या कपड्यांना वास राहायचा.

त्याआधीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती माझी आहे. शेठची काही जुनी झाडं फळावर होती. फळ भरलं, पण हिरवंच राहिलं. रंग चढल्याशिवाय कैची लावायची नाही, असा भाऊंचा हुकूम. रंग चढेना. विषुववृत्ताजवळ थंड रात्री नसतात आणि तिथलं संत्रं पिकलं तरी हिरवंच राहतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मला ठाऊक होतं. मी बोललो नाही. मोठ्या माणसाला कसं सांगायचं, उद्या सांगू, असं करत महिना गेला आणि सगळं फळ झाडाखाली सडलं. शेठ ओरडला. भाऊ म्हणाले, चूक माही. आणि एकदाच, फक्त एकदा, माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या वर्षी मला मलेरिया झाला. अकरा दिवस भाऊंनी मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. मी तापात बडबडायचो तेव्हा ते मला बाप्पा, बाप्पा म्हणून थोपटत. ताप उतरल्यावर त्यांनी शेणाच्या गोवऱ्या थापल्या, उन्हात वाळवल्या आणि त्यांच्या निखाऱ्यावर कणकेचे जाड रोडगे भाजले. तिथल्या बायका लांबून बघत होत्या, हा माणूस शेणावर काय शिजवतोय म्हणून. वांग्याची भाजी जाळ तिखट झाली होती. मी रडलो. तिखटानं, असं सांगितलं.

त्या आजारपणात माझं धाडस गेलं. तिसऱ्या वर्षी दोन महिन्यांच्या रजेवर निघालो तेव्हा अकोल्यात नोकरीचं माझं ठरलेलं होतं. शेठला राजीनामा लिहून दिला होता आणि भाऊंना सांगू नका, मी सांगेन, अशी विनवणी केली होती. निघायच्या सकाळी भाऊंनी एक रोप आणलं. मी तिथे बांधलेल्या चाळीस डोळ्यांपैकी तो एकच फुटला होता. स्वयंपाकघराच्या मागे, नळाजवळ त्यांनी ते लावलं. "हे तुहं. येशीन तवा पायशीन." मी येतो म्हणालो. त्यांना वाकून नमस्कार केला आणि गाडीत बसलो.

याला सहा वर्षं झाली.

दर रविवारी सकाळी दहाला मी अकोल्याहून व्हिडिओ कॉल लावायचो. तिकडे साडेसात. भाऊ फोन हातात घेऊन बगिच्यात फिरायचे, शेवटी नळाजवळच्या झाडापाशी यायचे. ते झाड छातीइतकं झालं, डोक्याइतकं झालं, फुललं मात्र कधी नाही. भाऊ सगळ्या बगिच्याला ताण द्यायचे, त्याला रोज बादलीभर पाणी. मी म्हणायचो, भाऊ, अशानं हे फुलणार कसं? ते म्हणायचे, पाहुन्याचं झाड हाय, उपाशी नाई ठेवत. मग विचारायचे, तू कधी येतं? आणि मी म्हणायचो, या बहाराला नाही जमत, पुढच्याला येतो. आईचं आजारपण, मुलीची बारावी, घराचं काम. कारणं खरी होती. येतो हे खोटं होतं.

या संक्रांतीला शोभा तिळगूळ घेऊन आमच्या घरी आली. बार्शीटाकळीहून बसनं. तिनं तिळगूळ माझ्या हातावर ठेवला, पण गोड बोलायचं काही म्हणाली नाही. सांगू लागली की बाबांची साठी उलटली, गुडघे धरतात, जुमा म्हणतो आता शिडीवर चढवत नाही. ती दरवर्षी घरी बोलावते आणि ते दरवर्षी एकच सांगतात. मग तिनं बापाची नक्कल न करता, अगदी सरळ ते वाक्य म्हटलं.

"त्याले येऊ दे. संगं आलो, संगं जाऊ." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काका, तुमी जानार हा का नाई तेवढं सांगा. मी त्याईले दारात पायन्याची वाट पाहून रायली."

तिळगूळ हातात चिकट झाला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिलाही मी आजवर अर्धंच सांगितलं होतं.

रविवारी दहाला फोन लावला. भाऊ चालत नळापाशी आले. मी त्यांना थांबवलं, आणि सगळं सांगितलं. राजीनाम्याचं, ठरलेल्या नोकरीचं, सहा वर्षांच्या येतो-येतोचं. हिरव्या संत्र्यांचंही सांगून टाकलं, आता ठेवून काय करायचं म्हणून.

भाऊंनी बादली खाली ठेवली.

"मले माहीत हाय," ते म्हणाले. "तू गेला त्याच हप्त्यात शेठनं सांगतलं. अन् संत्र्याचं तं तवाच समजलं होतं. तू चूप बसला का तुले माहीत असते, हे का मले नाई कळत?"

मग का थांबलात, दर रविवारी कधी येतं असं का विचारलंत, एवढं मी कसंतरी विचारलं.

भाऊंनी झाडाचं एक पान उलटून पाहिलं. "शोभाले काईतरी सांगा लागे. तिकडं येऊन काय करू? नर्सरी पुतन्याले देली. लेकीच्या घरी बसून जेवाचं? इथं हे तरी हायेत." हे म्हणजे झाडं. मग म्हणाले, "अन् मले माहीत हाय हे तुले समजलं असतं, तं तू लाजून फोन बंद केला असता. एक रविवार हाय बाप्पा माह्याजवळ. वऱ्हाडी बोलनारा तू एक अन् जुमा."

मी म्हणालो, भाऊ, माझ्या घराच्या मागे जागा आहे. चार वाफे होतील. नर्सरी नाही, पण डोळे बांधायला जागा आहे. मला अजून येत नाही ते.

ते हसले. "तुले ह्या जन्मात येनार नाई." येतो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. बादलीतलं पाणी त्यांनी शेजारच्या केळीला ओतलं आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी दहा वाजले. मी फोन हातात घेऊन बसलो होतो. सहा वर्षं खोटं बोलताना जे बोट कधी अडलं नाही ते आता हलेना. सव्वादहा झाले. भाऊंनी ओळखलं होतं तसंच होत होतं, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

साडेदहाला फोन वाजला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिकडून.

पडद्यावर भाऊ नव्हते. नळाजवळचं झाड होतं, बुंध्याची माती कोरडी, भेगाळलेली, पानं आतल्या बाजूला मिटलेली. भाऊंचा आवाज मागून आला. तो माझ्याशी नव्हता.

"थोडी कळ काढा. एक बहार पाहू तुमचा, अन् मंग मले जाऊ द्या. तिकडं एक जन कामात लय कच्चा हाय."

मी फोन कानाला नाही, डोळ्यांसमोर धरला होता. तरी मला भाऊ दिसत नव्हते. झाडही नीट दिसत नव्हतं.