शिट्टी सरांची गिटार

"गिटार? त्यात काय आहे! तारा सहा आणि बोटं दहा. चार बोटं शिल्लकच राहतात!"

शिट्टी सरांनी ही घोषणा केली तेव्हा ते जमिनीवर बसून नातीच्या बुटाची नाडी सोडवत होते. आजी स्वयंपाकघरातून डोकावल्या.

"अहो, तुम्ही दारावरची बेल वाजवलीत की शेजाऱ्यांचं दार उघडतं. तुम्ही गिटार वाजवणार?"

"वाजवणार! आणि शाळेच्या कार्यक्रमात, सगळ्यांसमोर वाजवणार!"

शिट्टी सर म्हणजे जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. निवृत्तीच्या दिवशी गळ्यातली शिट्टी कपाटात गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाज असा की मैदानात "सावधान!" म्हटलं तर रस्त्यापलीकडचा टपालवाला पाय जुळवून उभा राहायचा. पण मुलांवर जीव. ज्या मुलाला उडी जमत नसे त्याच्याबरोबर ते स्वतः उडी मारत बसायचे, त्याला जमेपर्यंत. बहुधा त्यांचे गुडघे त्यातच गेले.

आता त्यांचं सगळं शिकवणं एकाच नातीवर येऊन थांबलं होतं. तिला घरात मुंगी म्हणत. मुंगी घरात अखंड गायची. जिन्यात गायची, आंघोळ करताना गायची, तोंडात घास असताना गायची आणि त्याबद्दल बोलणीही खायची. पण चार माणसं समोर आली की तिच्या तोंडाला कुलूप! गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात ती मंचावर गेली, माइकसमोर उभी राहिली, पडद्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि एक शब्दही न बोलता खाली उतरली. तेव्हापासून वर्गात हजेरीच्या वेळीही ती इतक्या हळू "हजर" म्हणे, की बाईंनी दोनदा तिची गैरहजेरी लावली होती.

यंदा संगीताच्या बाईंनी तिला पुन्हा निवडलं. वर्गातल्या एका मुलीबरोबर तिचे बाबा गिटार वाजवणार होते. मुंगीने घरी येऊन आजोबांच्या कानात सांगितलं, "तुम्ही माझ्याशेजारी बसून गिटार वाजवलीत ना, तर मी गाईन. नाहीतर मी आजारी पडणार आहे."

आता सांगा, यावर कुठला आजोबा नाही म्हणेल?

गिटार आली. लेकीने, म्हणजे मुंगीच्या आईने, लॅपटॉपवर शिकवणीचे व्हिडिओ लावून दिले. पडद्यावर एक दाढीवाला तरुण गिटार मांडीवर घेऊन हसत होता. सर त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि त्यांनीही गिटार मांडीवर घेतली.

आणि इथेच घोटाळा झाला! पण तो समजण्यासाठी कवायतीची एक गोष्ट माहीत हवी. कवायतीचे सर मुलांकडे तोंड करून उभे असतात. "उजवा हात वर!" असं म्हणताना ते स्वतः डावा हात वर करतात, म्हणजे समोरच्या मुलांना आरशात बघितल्यासारखं सोपं जातं. सरांनी जन्मभर हेच केलं होतं. समोरचा ज्या बाजूचा हात हलवेल त्याच बाजूचा आपण हलवायचा, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. दाढीवाल्याच्या गिटारीचा दांडा सरांच्या उजवीकडे दिसत होता. सरांनीही आपला दांडा उजवीकडे केला. उजवा हात दांड्यावर, डावा हात तारांवर. त्यांच्या मनाला शंका म्हणून शिवली नाही.

पहिल्याच धड्यात दाढीवाला म्हणाला, "सगळ्यात जाड तार वरच्या बाजूला असते."

सरांनी खाली वाकून पाहिलं. जाड तार तळाशी!

"फसवलं!" सर गरजले. "त्या दुकानदाराने तारा उलट्या बसवल्यात!"

ते तडक दुकानात गेले. दुकानदार बासऱ्या पुसत होता.

"हे काय आहे?" सरांनी स्टुलावर बसून गिटार धरून दाखवली. "तारा उलट्या! एवढंही कळत नाही?"

दुकानदाराने सरांकडे पाहिलं, गिटारीकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम आदराने भरला. "अरेरे, चुकलंच माझं! आधीच विचारायला हवं होतं. लोक सांगत नाहीत हो. बसा, लगेच बदलून देतो."

त्याने तारा उतरवल्या, वरच्या खाली आणि खालच्या वर बसवल्या, सुरात लावून दिल्या आणि वर चहाही पाजला. सर खूश! चूक कबूल करणारा दुकानदार त्यांना फार वर्षांनी भेटला होता. दुकानदारही खूश! डावखुरं गिऱ्हाईक त्याच्याकडे क्वचितच यायचं. दोघांनी एकमेकांना हात जोडून निरोप घेतला.

मग सराव सुरू झाला. जन्मजात उजव्या माणसाने डाव्या हाताने तारा छेडायच्या म्हणजे डाव्या हाताने दाढी करण्यासारखं. पण सरांना वाटे, कला म्हटली की एवढं कठीण असणारच. पहिल्या आठवड्यात बोटांची टोकं लाल झाली. दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले.

"सर, फरशी फोडताय का?"

"गिटार वाजवतोय!"

"अस्सं. नाही म्हणजे, माझ्या खुर्चीतला पेशंट उठून चालला होता. म्हणाला, वर दुसरे डॉक्टर जास्त जोरात काम करताहेत."

सर खचले नाहीत. मुलाला उडी जमेपर्यंत थांबणारा माणूस स्वतःसाठीही थांबू शकत होता. रोज संध्याकाळी ते खिडकीपाशी बसत. एक कॉर्ड धरायची, म्हणजे ठरलेल्या तारा बोटांनी दाबून ठेवायच्या, मग सहाही तारा एकेक करून वाजवायच्या, जी तार घुसमटली तिच्यावरचं बोट जरासं सरकवायचं, पुन्हा वाजवायच्या. आणि एके दिवशी सगळ्या तारा एकदम स्वच्छ वाजल्या! सर दचकलेच. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी वाजवलं की काय!

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी आजींना हाक मारली.

"ऐकलं," आजी म्हणाल्या. "पहिल्यांदाच ऐकावंसं वाटलं."

त्यानंतर ती खिडकी म्हणजे घरातली सगळ्यात आवडती जागा झाली. तीन कॉर्ड यायला लागल्या. मुंगी शेजारी बसून तिचं कासवाचं गाणं म्हणायची. "घर घेऊन पाठीवर, कासव निघालं दूर दूर." कॉर्ड बदलायला सरांना वेळ लागे, म्हणून मुंगी "दूर" हा शब्द कॉर्ड सापडेपर्यंत लांबवत राही. कधीकधी कासव फारच दूर जाई. "भिऊ नको" असं सर तिला एकदाही म्हणाले नाहीत. मुलांना भिऊ नको म्हटलं, की घाबरायचं नेमकं कशाला ते त्यांना कळतं, असा त्यांचा अनुभव होता.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सरांनी पांढरे बूट घातले. मुंगीचा हात त्यांच्या हातात होता आणि तो बर्फासारखा गार पडला होता. त्यांचं नाव पुकारलं जाणार, तेवढ्यात संगीताच्या बाई धावत आल्या.

"सर, तुमची गिटार वर्गात राहू द्या. तिचा आवाज मागे पोचणार नाही. ही शाळेची घ्या, थेट स्पीकरला जोडलेली आहे."

"हरकत नाही! गिटार ती गिटार!" सर म्हणाले.

सभागृह गच्च भरलेलं. मुंगी माइकसमोर उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. शेजारी सर खुर्चीत बसले. गिटार मांडीवर, दांडा उजवीकडे. त्यांनी पहिली कॉर्ड धरली, नातीकडे बघून हसले आणि डावा हात झोकात फिरवला.

स्पीकरमधून जो आवाज निघाला तो भांड्यांचं कपाट जिन्यावरून घरंगळत आल्यासारखा होता! पहिल्या रांगेतलं एक तान्हं बाळ रडायला लागलं. मागच्या रांगेत कोणीतरी "वीज पडली का?" म्हणालं.

सरांनी दुसरी कॉर्ड धरली. दुसरं कपाट घरंगळलं!

त्यांनी वाकून तारा पाहिल्या. "इथेही उलट्या!" ते उद्गारले. त्यांचा आवाज तो! माइकने तो सभागृहभर पोचवला. "अहो बाई, शाळेनेसुद्धा त्याच दुकानातून गिटार घेतली का?"

बाई मंचाच्या कडेला येऊन कुजबुजल्या, पण तेही माइकने टिपलं. "सर, तुम्ही डावखुरे आहात का?"

"मुळीच नाही! जन्मापासून उजवा!"

"मग गिटार उलटी का धरलीत?"

सरांनी गिटारीकडे पाहिलं. आपल्या दोन हातांकडे पाहिलं. दाढीवाला, त्याचा दांडा, आरसा, सगळं एकदम त्यांच्या डोक्यात जागच्या जागी बसलं.

"अरे देवा," ते म्हणाले. "मी त्याच्यासमोर बसलो होतो!"

सभागृहात हशा पिकला. शिपाई सरांची गिटार आणायला वर्गाकडे धावला. सरांना स्वतःची लाज वाटत नव्हती. एवढ्या वर्षांत मैदानावर ते शंभर वेळा आपटले असतील. पण त्यांना मुंगीचा चेहरा दिसत होता. तिचे डोळे भरले होते. ती आता खाली उतरणार आणि पुन्हा कधीच वर चढणार नाही, असं त्यांना वाटलं.

मुंगी एक पाऊल पुढे आली. थेट माइकपाशी.

"हसू नका!" ती ओरडली. घरात घासाबरोबर गाणारा तोच खणखणीत आवाज! "ते माझे आजोबा आहेत! त्यांची बोटं किती दुखली माहीत आहे का? त्यांना येतं! ही गिटारच वेडी आहे!"

मुख्याध्यापकांनी नकळत पाठ ताठ केली.

मुंगी आजोबांकडे वळली. "आजोबा, तुम्ही नुसता ठेका धरा. तिच्या पोटावर. मी आहे ना!"

सरांनी मुकाट्याने गिटारीच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला आणि मुंगी गायला लागली. कासव घर घेऊन निघालं, वाटेत भेटलेल्या सशाला पाणी विचारलं, टेकडी चढलं. कॉर्ड बदलायची नव्हती, तरी सवयीने तिने "दूर" इतकं लांबवलं की लोकांनी श्वास रोखून धरला. गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात शिपाई धापा टाकत सरांची गिटार घेऊन मंचावर पोचला. लोकांनी त्यालाही टाळ्या दिल्या.

कार्यक्रम संपल्यावर सर दाराशी उभे होते. मुंगी मैत्रिणींच्या घोळक्यात मोठमोठ्याने बोलत होती आणि ते नुसते ऐकत होते. इतक्यात एक अनोळखी बाई मुलाला पुढे करत आल्या. मुलगा त्यांच्या मागे लपायला बघत होता.

"सर, आमचा हाही मंचावर गेला की गप्प होतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी याच्याबरोबरही वाजवाल का? फार उपकार होतील."

सरांची छाती फुगली. "अवश्य वाजवीन! आता मी गिटार नीट सरळ धरून पहिल्यापासून शिकणार आहे. सहा महिन्यांत बघा, काय सुंदर वाजवतो!"

बाईंचा चेहरा पडला.

"नाही, सुंदर नको," त्या काकुळतीने म्हणाल्या. "आज वाजवलीत तशीच हवी होती."

"त्याची तुम्ही मुळीच काळजी करू नका," सरांच्या मागे उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या.