काकूंच्या घरापासून डावीकडे

काकूंचं घर विकायचं ठरलं, तेव्हा काकू सोडून सगळ्यांचं त्यावर एकमत होतं. सगळे म्हणजे काकूंचे चिरंजीव आणि दलाल. चिरंजीव नगरपालिकेच्या नकाशा विभागात नोकरीला, आणि राहायला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्लॅटमध्ये. आईचा गुडघा दुखतो, घराला जिना आहे, आई एकटी असते, पडलीबिडली तर कोण बघणार, अशी काळजी त्यांनी घेतली होती. घर विकायचं आणि आईला फ्लॅटमध्ये आणायचं, हा त्यावरचा त्यांचा उपाय. काळजी खरी होती, त्याबद्दल वाद नाही.

"आईंना विचारलंस का?" सूनबाईंनी विचारलं.

"विचारलं की. म्हणाली, तू म्हणशील तसं."

"म्हणजे नाही म्हणाल्या."

"अगं, चक्क हो म्हणाली."

"बरं," सूनबाई म्हणाल्या. "तू आपले नकाशे कर."

तर आता या नकाशांचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच आहे. लोकांनी तक्रार घेऊन कचेरीत येणं केव्हाच सोडून दिलं होतं. जो तो आपला सोशल मीडियावर लिहून मोकळा. नळ फुटला, लिही. दिवा गेला, लिही. मग एक दिवस साहेब म्हणाले, लोक लिहितायत ना, मग आपण वाचू. चिरंजिवांनी वर्षभर मान मोडून एक प्रोग्राम बनवला. लोकांनी लिहिलेलं तो वाचणार, त्यातून जागा कुठली आणि भानगड काय हे हुडकून काढणार, आणि नकाशावर त्या जागी लाल टिंब देणार. एकाच जागी टिंबं साचली की त्यांचा लाल गोळा होणार. गोळा दिसला की सगळ्या खात्यांना आपोआप निरोप जाणार.

योजना झकास होती. पण माणसं जागा कुठे लिहितात? "इथे रोज अंधार असतो." इथे म्हणजे कुठे, बाबा? "आमच्याकडचं गटार तुंबलंय, लाज वाटायला हवी." लाज कुणाला वाटायला हवी ते कळतं, गटार कुठलं ते कळत नाही. पहिल्या चाचणीला साहेबांनी नकाशा उघडला, तर आख्ख्या गावात एक टिंब नाही.

"सगळं गाव बोंबलतंय आणि तुमचा नकाशा कोरा करकरीत?" साहेब म्हणाले.

"साहेब, लोक पत्ता लिहीत नाहीत."

"सोमवारी शुभारंभ आहे. मला टिंबं दिसली पाहिजेत. कुठून आणायची ते तुम्ही बघा."

त्या रविवारी चिरंजीव आईकडे गेले आणि चहाबरोबर सगळी मळमळ बाहेर काढली. काकू नीट ऐकून घेत होत्या. त्यांना त्यातलं अर्धं कळलं, पण मुलगा वाळलाय हे पूर्ण कळलं.

"म्हणजे त्याला जागा कळत नाही," काकू म्हणाल्या.

"ओळखीची जागा लिहिली तर कळते गं. लोक लिहीतच नाहीत."

"आपलं घर आहे का त्याच्या ओळखीचं?"

"हो, म्हणजे काय? नमुना म्हणून सगळ्यात आधी तेच घातलंय मी. काकूंचं घर म्हटलं की बरोब्बर दाखवतो."

"असं होय," काकू म्हणाल्या आणि चष्मा शोधू लागल्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. काकूंचं घर कोपऱ्यावरचं, निळ्या फाटकाचं, बाहेर एक बाक. त्या वस्तीतल्या गल्ल्यांच्या पाट्या रस्ता रुंद केला तेव्हा पडल्या, त्या पुन्हा कुणी लावल्या नाहीत. घरांना नंबर ज्याने दिले तो बहुधा जेवायच्या घाईत होता. त्यामुळे वस्तीत कुणालाही पत्ता विचारा, तो काकूंच्या घरापासून सुरू होतो. काकूंच्या घरापासून डावीकडे तिसरं. काकूंच्या घरासमोरून सरळ, मग उजवीकडे. चिरंजीव तिथेच लहानाचे मोठे झाले, पण त्यांना हे ठाऊक नव्हतं. बरोबरच आहे, त्यांना कधी स्वतःच्या घराचा पत्ता विचारावा लागला नव्हता.

सोमवार उजाडला. तिकडे दलाल गिऱ्हाईक घेऊन काकूंच्या घराकडे निघाला, आणि इकडे कचेरीत साहेबांनी सगळ्या खात्यांच्या प्रमुखांसमोर भिंतीवर नकाशा उघडला. आधी सगळं गाव हिरवंगार दिसलं. मग एका कोपऱ्यात एक टिंब आलं. त्यावर दुसरं. मग टिंबांची अशी झुंबड उडाली की बघता बघता एक लाल गोळा झाला आणि फुगतच चालला.

"वा," साहेब म्हणाले. "वा वा. काय काय आहे तिथे?"

चिरंजिवांनी वाचायला सुरुवात केली. "नळ फुटलाय. गटार तुंबलंय. झाड पडलंय. रस्ता खचलाय. दिवे नाहीत. कुत्री अंगावर येतात."

"एवढं सगळं एकाच ठिकाणी?"

"एकाच घरात, साहेब."

"अहो, मग हे घर आहे की काय आहे? कुणाचं आहे?"

"माझं," चिरंजीव म्हणाले. "म्हणजे, आईचं. पण साहेब, काहीतरी गडबड आहे. पत्ते बघा ना. काकूंच्या घरापासून डावीकडे, काकूंच्या घराच्या मागे, असं लिहिलंय सगळ्यांनी. प्रोग्रामला घर तेवढं कळलंय, डावीकडे कळलेलं नाही."

पण साहेबांच्या कानापर्यंत "आई" एवढंच गेलं होतं. "घरी एकट्या असतात?"

"एकटीच, पण..."

"आणि तुम्ही इथे उभे? अहो, आई आहे ती." साहेबांनी फोन उचलला. "आगीचा बंबही पाठवा."

"आग नाहीये, साहेब."

"एवढंच राहिलंय. तेही होईल."

तोवर सगळ्या खात्यांचे फोन वाजू लागले होते. निरोप आपोआप जाणार होते, ते आपोआप गेले. प्रोग्रामचा हा भाग मात्र उत्तम चालत होता.

काकूंच्या बाहेरच्या खोलीत गिऱ्हाईक चहा घेत होतं. नवरा-बायको दोघेही सज्जन. घर त्यांना आवडलं होतं. दलाल खिडक्यांचं कौतुक करत होता आणि काकू मुलाला शब्द दिला म्हणून त्याला जमेल तशी साथ देत होत्या.

"उजेड भरपूर आहे," दलाल म्हणाला.

"हो, सकाळी अगदी जिन्याच्या पायरीपर्यंत येतो," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला, म्हणून त्या बिस्किटं आणायला उठल्या.

तेवढ्यात दारात पाण्याच्या खात्याचा मुकादम उभा. "काकू, नळ कुठे फुटलाय?"

"माझ्याकडे? नाही बाबा."

"इथलाच निरोप आहे." तो आत येऊन मोरी बघू लागला. त्याच्या पाठोपाठ करवत घेऊन दोघे आले आणि पडलेलं झाड मागू लागले. मग लांब बांबू घेऊन गटारवाले. मग जाळी घेऊन कुत्रेवाला. त्याने कोपऱ्यात झोपलेल्या म्हाताऱ्या मांजरीकडे बराच वेळ पाहिलं आणि निराश होऊन बाहेरच्या बाकावर जाऊन बसला.

"ही माणसं रोज येतात का?" गिऱ्हाईक गृहस्थांनी हळूच विचारलं.

"छे हो," दलाल म्हणाला. "तत्पर सेवा आहे. या वस्तीचा हाच तर फायदा."

गृहस्थांच्या बाईंनी एव्हाना मोबाइल काढला होता. "अहो, हे बघा. नगरपालिकेने आजच नकाशा काढलाय. सगळ्या गावात एकच लाल गोळा आहे, आणि आपण त्यात बसलोय."

गृहस्थांनी नकाशा बघितला, मग जमीन बघितली, आणि पाय हलकेच वर घेतले. "काकू, खरं सांगा. इथे रस्ता खचलाय?"

काकूंना आयुष्यात खोटं बोलता आलं नाही, ते आत्ता कुठून येणार? "इथे नाही हो. खचलाय तो मागे."

"आणि गटार?"

"ते तिकडे, उजव्या हाताला."

"म्हणजे आहे," बाई म्हणाल्या.

"नकाशावर काय जाता, बाई," दलाल म्हणाला. "सरकारी नकाशा कधी खरा असतो का?" तो असं म्हणाला आणि घंटा वाजवत आगीचा बंब फाटकाशी येऊन थांबला.

बंबाच्या मागे धापा टाकत चिरंजीव. त्यांनी आत येऊन आधी आईकडे बघितलं, ती धडधाकट दिसली, मग गिऱ्हाइकाकडे वळले. "तुम्ही घाबरू नका. नकाशा चुकलाय."

"तुम्ही कशावरून म्हणता?"

"मीच केलाय."

गृहस्थांनी त्यांच्याकडे दया आल्यासारखं बघितलं. "म्हणजे स्वतःचं घर धोक्याचं आहे असं स्वतःच सरकारला कळवलंत. आणि आम्हाला विकताय?"

गिऱ्हाईक उठलं. बाईंनी निघताना काकूंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सांभाळून राहा हो." दलाल त्यांच्या मागे धावला, तो परत आलाच नाही.

आता वस्तीत एवढी खाती एकदम उतरली म्हटल्यावर लोक थोडेच गप्प बसणार आहेत. ज्याने त्याने आपापल्या खात्याला हाताला धरून नेलं. काकू फाटकात उभ्या राहून बोट दाखवत होत्या. "नळ ना? डावीकडे तिसरं. झाड मागच्या गल्लीत." मुकादम म्हणाला, "असं आधी सांगायचं ना, काकू." जेवणाची वेळ होईतो नळ जोडला, गटार वाहतं झालं, झाड उचललं गेलं. आगीच्या बंबाला काम नव्हतं, त्याने जाता जाता रस्ता धुऊन दिला.

चिरंजीव डोकं धरून बाकावर बसले होते. शेजारच्या शिंपीणबाई मोठ्या खुशीत त्यांच्याजवळ आल्या. "तुझा नकाशा म्हणजे नंबरी आहे हो. वर्षाची कामं एका सकाळी झाली. काकूंनी रविवारीच वस्तीच्या ग्रुपवर सांगितलं होतं सगळ्यांना."

"काय सांगितलं होतं?"

"हेच की, पत्ता लिहिताना माझ्या घरापासून लिहा. पोराच्या मशीनला बाकी कुणाचं घर कळत नाही. त्याचा शुभारंभ आहे, त्याची फजिती व्हायला नको."

चिरंजीव आत गेले. काकू उष्ट्या कपबशा गोळा करत होत्या.

"आई, हे तू केलंस?"

"मदत केली रे. टिंबं हवी होती ना तुला?" काकू म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पडला. "माझ्यामुळे सौदा मोडला का?"

"सौदा गेला खड्ड्यात. तुला हे घर विकायचं होतं का, ते सांग."

काकूंनी कपबशा खाली ठेवल्या. "नाही. मला इथून जायचं नव्हतं. फार रडू यायचं. पण तू माझ्या काळजीने बोलत होतास, मग तुझं मन कसं मोडू?"

"मग बोलायचं नाही का गं?"

"सांगितलं की. तू म्हणशील तसं, म्हटलं ना."

चिरंजिवांना सूनबाई आठवल्या. त्यांनी कपबशा उचलल्या आणि स्वतः विसळल्या. फार वाईट वाटलं त्यांना. घर विकणार नाही एवढं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं, पण गुडघ्याचा प्रश्न होता तिथेच होता. आई फ्लॅटमध्ये येणार नाही आणि गुडघा आईला सोडून येणार नाही.

मग त्यांनी आठवडाभर बसून प्रोग्रामला डावीकडे शिकवलं, उजवीकडे शिकवलं, आणि साहेबांच्या लेखी परवानगीने काकूंचं घर त्या वस्तीची आरंभाची खूण ठरवलं. सगळी टिंबं सुतासारखी सरळ होऊन आपापल्या जागी जाऊन बसली. काकूंच्या घरावर एकही राहिलं नाही. साहेब बेहद्द खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकाशा उघडला, तर काकूंच्या घरावर पुन्हा एक लाल टिंब.

"आता काय?" साहेब म्हणाले. "वाचा."

चिरंजिवांनी वाचलं. "काकूंच्या घरी, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या पडून आहेत. मुलगा आणि सून गावाच्या दुसऱ्या टोकाला राहून माझ्या गुडघ्याची काळजी करतात. गुडघा इथे आहे. तक्रार जुनी आहे, पण कुठे लिहायची ते माहीत नव्हतं. योग्य ती दखल घ्यावी."

साहेबांनी चष्मा पुसला, तक्रार छापून मागवली आणि खाली शेरा मारला: संबंधिताने सहकुटुंब जागेवर जाऊन कायमची निकाली काढावी.

चिरंजिवांनी बिचकत सूनबाईंना फोन लावला. तक्रार वाचून दाखवली.

"मी आईंना म्हटलं होतं, रिकाम्या खोल्यांचं आधी लिहा म्हणून," सूनबाई म्हणाल्या. "त्यांनी गुडघ्याचं मनाने घातलंय. ट्रक मी सांगून ठेवलाय. रविवारी येईल. तू त्याला तेवढा पत्ता कळव."

चिरंजीव पडले नकाशेवाले. त्यांनी ट्रकवाल्याला जागा अगदी टिंबासकट पाठवली. थोड्या वेळाने त्याचा उलटा फोन आला.

"साहेब, ते टिंब राहू द्या. सामान त्याच वस्तीत उतरवायचंय ना? मग काकूंच्या घरापासून किती लांब, ते सांगा."

"अजिबात लांब नाही," चिरंजीव म्हणाले.