उत्तमरावांचा काटा

सई, अर्णव,

तुम्ही पाठवलेलं घड्याळ मिळालं. ते दिवसातून चारदा मनगटावर थरथरतं आणि इंग्रजीत बजावतं की ताण वाढलाय, श्वास घ्या. पंचाहत्तर वर्षं मी कुणी न सांगता श्वास घेत आले आहे. काल शेजारच्या उत्तमरावांना ते दाखवलं, तर ते कीव केल्यासारखे हसले. म्हणून आजच लिहायला बसले. तुमच्या घड्याळाचा शोध परभणीत, आमच्या गल्लीत, आधीच लागलेला आहे.

उत्तमराव माणसांची नावं घेऊन रक्तदाब मोजतात.

त्यांची सगळी हयात मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी म्हणून गेली. शेतकऱ्यांची तूर, सोयाबीन काट्यावर तोलायचं काम. त्यामुळे जे मोजलं नाही ते खरं नाही, अशी त्यांची समजूत. "बाई, काटा खोटं बोलत न्हाई," हे दिवसातून दहादा. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून सगळ्या गल्लीची मी बाई.

डोकं दुखणं, झोप न लागणं, छातीत जळजळ, ही सगळी तुमच्या रागाचीच पिलावळ आहे, असं डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. उत्तमराव म्हणाले, "राग हाय ते कबूल. पर किती हाय, ते सांगा." डॉक्टरांना सांगता येईना. उत्तमराव तिथून निघाले ते थेट रक्तदाबाचं मशीन घेऊनच घरी आले.

तेव्हापासून रोज सकाळी आठला ते पिशवी घेऊन माझ्या ओट्यावर बसतात आणि दंडाला पट्टा गुंडाळतात. "आता बोलू नका, हलू नका. आकडा चुकतोय." म्हणजे माझ्याच ओट्यावर मी गप्प. आधी कुणाचंही नाव न घेता मोजायचं: एकशे चाळीस. मग त्यांच्या फाटकासमोर ऑटो लावणारा मनात आणायचा: एकशे अठ्ठेचाळीस. टीव्हीवर ओरडून बातम्या देणारा: एकशे पंचावन्न. त्याच दिवशी टीव्हीवर चादर पडली. एकदा जावयाचं नाव घेतलं, तर आकडा उलट खाली आला. उत्तमराव खट्टू झाले. "ह्याला तर वजनच न्हाई, बाई."

सगळ्यात शेवटी एकच नाव. "किसन, पालम." एकशे नव्वद.

किसन त्यांचा धाकटा भाऊ, पालम गावी राहतो. आठ वर्षांपूर्वी त्याच्या मुलाच्या लग्नात पाहुण्यांना फेटे बांधले. व्याह्यांच्या ड्रायव्हरलाही बांधला, आणि उत्तमरावांना बांधायचा राहिला. ते न जेवता मंडपातून उठले आणि मिळेल त्या एसटीने परत आले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. उत्तमरावांच्या बायकोचं, सुमनबाईंचं, यावर एकच म्हणणं: "फेटा बांधला असता तर संध्याकाळी उतरला असता. न बांधलेला आठ वर्षं डोक्यावर घेऊन फिरायलेत."

दिवाळीनंतर उत्तमराव चक्कर येऊन मोरीत पडले. डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि दम दिला, की आता ते नाव घ्यायचं नाही, पुढच्या वेळी अर्धं अंग जाईल. उत्तमराव घाबरले. तीन दिवस त्यांनी नाव घेतलं नाही. चौथ्या दिवशी नाव न घेताच एकशे पंच्याऐंशी.

"तोंडानं घेतलं न्हाई तर आतून यायलंय, बाई," ते म्हणाले. एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

तेव्हा सुमनबाईंनी आणि मी कट केला, आणि किसनला सगळं आधीच कळवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पट्टा दंडाला बसल्याबरोबर सुमनबाईंनी पालमला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून ओट्याच्या कठड्यावर ठेवला.

"आता बोलू नका, हलू नका," मी म्हणाले. हे म्हणायची संधी मी फार दिवस शोधत होते.

"दादा," फोनमधून आवाज आला. "बोल की. मलाबी गोळी चालू झाली. वरचं एकशे सत्तर हाय."

उत्तमराव मशीनकडेच बघत होते. तसंच बघत त्यांनी विचारलं, "कुणामुळं?"

"कुणामुळं म्हंजी? तुज्यामुळंच. लेकाच्या लग्नात मोठा भाऊ उपाशी गेला. पंगत दिसली की चढतंय."

पट्टा फुगत होता. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"गोळी उपाशीपोटी घेऊ नको," उत्तमराव म्हणाले. "तुला लहानपणापासून पित्त हाय."

ते मध्येच बोलल्यामुळे मशीनने आकडा दाखवलाच नाही. "बिघडलं वाटतं," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले. काट्याचं ते वाक्य त्या दिवशी त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

गोळी दोघांचीही सुटलेली नाही. फेट्याचा विषय निघाला की उत्तमराव अजून फुगतात. किसनचं नाव मात्र त्यांना आता घ्यावं लागत नाही, कारण आठ वाजता पालमहून फोन येतो आणि आधी एकमेकांचे आकडे विचारून अर्धा तास गप्पा चालतात. तोवर मला माझ्याच ओट्यावर बोलायची बंदी असते. तीही कायम आहे.