परीक्षकांच्या डाव्या हाताचा वास

"मॅडम, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. माझी माशी शब्दाची पक्की आहे," असं माशीवाली आपल्या गाईड मॅडमना सांगून मोकळी झाली, आणि तिथूनच सगळं बिघडायला लागलं.

माशीवाली हे तिला प्रयोगशाळेत पडलेलं नाव. पिकल्या फळांवर घिरट्या घालणाऱ्या तिळाएवढ्या माश्यांच्या मिशांवर तिची अख्खी पीएचडी उभी होती. माशी निमुळत्या नळीत अशी बसवायची की फक्त डोकं बाहेर राहील. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या मिशीवरच्या एका केसात अतिबारीक सुई टोचायची. आतल्या पेशीला वास आला की स्पीकर तडतडतो. माशीवालीने निवडलेली पेशी आंबलेल्या फळांवर भाळणारी होती. इतर वासांना ती हिंग लावूनही विचारत नसे.

आज तोंडी परीक्षा, तीही प्रयोगासकट. बाहेरून आलेले परीक्षक म्हणजे भल्याभल्यांना घाम फोडणारे गृहस्थ. ते आले, उजवा हात किंचित हलवला आणि डावा कोटाच्या खिशातच ठेवून म्हणाले, "आधी साधी हवा सोडा. बघू, गप्प बसते का."

हवा सुटली. माशी गप्प. माशीवालीची मान दोन बोटं वर झाली.

परीक्षक सर जवळून बघायला वाकले आणि चष्मा पुसायला खिशातून डाव्या मुठीत गोळा केलेला रुमाल काढला. त्याबरोबर पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा स्पीकर कडाडला.

"ही साधी हवा होती ना?"

"वायर सैल असेल," मॅडम घाईघाईने म्हणाल्या आणि टेबलाखाली शिरल्या.

सर मागे सरले, हात खिशात गेला. शांतता. सर पुन्हा रुमाल घेऊन वाकले. पुन्हा गारा. मॅडम खालून एकेक वायर हलवत होत्या. माशीवाली मात्र सरांकडे बघत होती, आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"मॅडम, वायर ठीक आहे. सर जवळ आले की वाजतंय. सरांच्या अंगाला आंबलेल्या फळांचा वास येतोय."

टेबलाखाली मॅडमचं डोकं आपटलं.

"म्हणजे?" सरांनी विचारलं.

"म्हणजे दारूला येतो ना सर, त्याच जातीचा."

आपण काय बोललो ते तिला वाक्य संपल्यावर ऐकू आलं. नुकताच कुठे सकाळचा चहा झाला होता. मॅडमनी टेबलाखालीच राहायचं ठरवलं.

सर लालबुंद झाले. मग त्यांनी सावकाश डावा हात पुढे केला. पाचही नखं चमचमत्या गुलाबी रंगात, त्यातली दोन अर्धवट पुसलेली.

"गाडीत जरा डोळा लागला," ते पुटपुटले. "नातीने संधी साधली. वाटेत नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, खाली बाथरूममध्ये घासत बसलो, उजवा हात उरकला, तेवढ्यात बोलावणं आलं. भिजलेला रुमाल तसाच खिशात कोंबला."

"सर, त्या बाटलीत आंबलेल्या फळांतलंच रसायन असतं," माशीवाली आनंदाने जवळजवळ नाचली. "आमच्या कपाटात शुद्ध आहे. बसा."

सर बसले. ती कापसाने नखं पुसायला लागली. माशीला हे म्हणजे स्वर्गच. स्पीकर घसा फाटेस्तोवर ओरडत होता. त्या गोंगाटातच परीक्षा सुरू झाली.

"नर की मादी?"

"मादी, सर. हलू नका, अंगठा राहिलाय."

"सुई नेमक्या केसात गेलीय हे कशावरून?"

"तुमच्यावरूनच कळलं की, सर."

सर हसले. कुणीही त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मॅडम ते बघायला बाहेर आल्या.

"झालं, सर. तुम्ही पास," माशीवालीच्या तोंडून निसटलं.

"तूही," सर म्हणाले. पण उठले मात्र नाहीत. खाकरले. "मला नाती दोन आहेत. हात थोरलीने अडवून ठेवले होते, म्हणून धाकटीने..."

त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. बूट निघाले. मोजे निघाले.

स्पीकर एकदम बंद पडला. तिघांनीही माशीकडे पाहिलं.

"हिला काय झालं?" सरांनी विचारलं.

"दमली असेल, सर," माशीवाली म्हणाली, आणि श्वास रोखून तिने नवा कापूस घेतला.