नरहरीपंतांचा अंगठा

संस्था माणसांमुळे जन्माला येतात, देणग्यांवर वाढतात आणि फोटोंमुळे अमर होतात, ही गोष्ट आता वादापलीकडे गेली आहे. रायपूरच्या शंकर नगरातले विदर्भ स्नेह मंडळ या न्यायाने केव्हाच अमर झाले होते. त्यापायी त्याचा संगणक तेवढा मरणपंथाला लागला होता.

मंडळाचे सचिव बाबाराव ढोमणे. रेल्वेच्या मालधक्क्यावर उभी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ. माल आला की उतरवायचा, पुढे रवाना झाला की धक्का झाडून घ्यायचा, एवढ्या एका तत्त्वावर त्यांनी नोकरी, संसार आणि मंडळ अशा तिन्ही गोष्टी बिनबोभाट चालवल्या. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कॅमेरा त्यांच्याच हातात असे. हळदीकुंकू, कोजागिरी, वधूवर मेळावा, सावजी रस्सा स्पर्धा (निकाल अद्याप राखून ठेवला आहे), सगळे त्यांनीच टिपले. त्यामुळे मंडळाच्या फोटोंत झाडून सगळे होते, बाबाराव मात्र एकाही फोटोत नव्हते. याची त्यांना बारीकशी खंत होती. पण सचिवाला खंत मांडायची तर ती आधी विषयपत्रिकेत घ्यावी लागते, म्हणून ते राहून गेले.

यंदा मंडळाचा सुवर्णमहोत्सव. पडद्यावर पन्नास वर्षांचे फोटो दाखवायचे ठरले (जुने अल्बम वाळवीने संपवण्याआधी स्कॅन करून संगणकात घेतलेले होते), आणि नेमका त्याच आठवड्यात संगणकाने डिस्क भरल्याचे जाहीर करून नवा फोटो घ्यायचे नाकारले. कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. अनावश्यक फोटो काढून टाकावेत, असा ठराव टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर झाला. मग अनावश्यक कोणते, यावर चर्चा सुरू झाली आणि चहा तीनदा झाला. अखेर पुढील निकष ठरले:

एक, ज्या फोटोत आपण नाही तो अनावश्यक.

दोन, ज्यात आपण आहोत पण डोळे मिटलेले आहेत, तोही अनावश्यक. (साडी चांगली असल्यास आवश्यक.)

तीन, ज्यात दिवंगत व्यक्ती आहे तो पवित्र. अशा फोटोत इतर कोण आहे, याने फरक पडत नाही; त्यामुळे दिवंगतांच्या शेजारी उभे राहिलेले सगळे सभासद आपोआप पवित्र झाले.

चार, ज्यात काहीच दिसत नाही, तो कोणी काढला हे पाहून ठरवावे.

हा चौथा निकष एकाच फोटोसाठी होता. मंडळाचे संस्थापक अध्यक्ष कै. नरहरीपंत एकदा सहलीत बाबारावांच्या हातून कॅमेरा काढून घेत म्हणाले होते, "अहो, तुम्ही बी कधी फोटोत येत जा ना." बाबाराव पाण्याचा तांब्या हातात घेऊन झाडाखाली अवघडून उभे राहिले. नरहरीपंतांनी आयुष्यातला पहिला आणि शेवटचा फोटो काढला, आणि त्यात त्यांचा स्वतःचा अंगठा आला. सबंध फोटोभर लालसर अंगठा, आणि एका कोपऱ्यात तांब्याची चकाकती कड. बाबाराव अंगठ्याच्या मागे होते. पुढल्या वर्षी नरहरीपंत गेले, आणि त्यांच्या पत्नी सुनीतीवहिनींनी दर वर्धापनदिनाला पहिला मान या फोटोला द्यायचा पायंडा पाडला. "सुरुवात यांच्या अंगठ्यानंच करजा, भाऊजी," एवढेच त्या दर वर्षी सांगत. पडद्यावर अंगठा आला की त्या हात जोडत, आणि मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढचा कार्यक्रम सुरू व्हायचा. या अंगठ्यापुढे अख्ख्या मंडळात कोणाचे काही चालत नसे.

सारांश, सभेअंती अनावश्यक ठरलेल्या फोटोंची संख्या शून्य भरली. उलट सभेचे फोटो काढले गेल्यामुळे जागा आणखी कमी झाली.

तेव्हा पंडरीत कापडाचे दुकान असलेल्या खजिनदार नीलेशने क्लाउडचा मार्ग सुचवला: फोटो राहतील दूरच्या कुठल्याशा मोठ्या संगणकात, आपल्याला लागतील तेव्हा दिसतील, आणि आपली जागा रिकामी. बाबारावांना हे चटकन पटले. ही तर वॅगन भरून माल पाठवण्याचीच गोष्ट होती. नवा रायपूरच्या एका कचेरीत नोकरीला असलेली त्यांची धाकटी लेक निधी रविवारी आली, तिने मंडळाचे फोल्डर क्लाउडवर चढवले, कार्यकारिणीतल्या सगळ्यांच्या संगणकांना ते जोडून दिले, आणि निघताना वडिलांना बजावले. (निधीला मराठी सगळे कळते, उत्तर ती हिंदीत देते. पन्नास वर्षांच्या सांस्कृतिक कार्याचे हे फलित मंडळाच्या अहवालात येत नाही.) "बाबा, राइट क्लिक करके 'जगह खाली करें' दबाना। डिलीट मत करना।"

बाबारावांनी तसेच केले. डिस्क पिसासारखी हलकी झाली. पण दुसऱ्या दिवशी पाहतात तो फोटोंची नावे जागच्या जागी, फक्त प्रत्येकाशेजारी एक एवढासा ढग. बाबाराव अस्वस्थ झाले. पत्नी विमलाबाईंपाशी त्यांनी मन मोकळे केले, "माल गेला म्हणते, आन् धक्क्यावर दिसून तर राहिला. असं काहून?" विमलाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी दिसते तर दिसू द्या, असा सल्ला दिला. पण रवाना झालेला माल धक्क्यावर दिसणे म्हणजे काय, हे ज्याने नोकरी केली त्यालाच कळते. बाबारावांनी सगळी नावे निवडली आणि डिलीट दाबले.

संगणकाने विचारले, हे सर्व ठिकाणांहून काढले जाईल, चालेल का? असल्या सूचनांवर सही करण्यात बाबारावांचा हात बसलेला होता. त्यांनी हो म्हटले. मग कचरापेटी भरलेली दिसली. साहेबांच्या पाहणीआधी कचरापेटी रिकामी हवी, हा नियम त्यांच्या रक्तात होता, आणि महोत्सवापेक्षा मोठी पाहणी ती कोणती? त्यांनी इथली कचरापेटी रिकामी केली, क्लाउडवरची शोधून काढून तीही रिकामी केली, आणि हात धुऊन समाधानाने जेवायला बसले.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी मंडळाच्या सभागृहात निधी पडद्याची जोडणी करायला आली. तिने फोल्डर उघडले, बंद केले आणि पुन्हा उघडले.

"बाबा, फोल्डर खाली है।"

"हव. मीच झाडून घेतलं."

"क्लाउड में भी खाली है।"

"तिथं कसं खाली राहीन? तिथं तर आपण माल पाठवला होता."

निधीने कपाळाला हात लावला. "बाबा, गोदाम एक ही था। दरवाज़े दो थे।"

बाबाराव खुर्चीत बसले. एका दारात उभे राहून आपण दुसऱ्या दारापर्यंत झाडत गेलो, हे त्यांच्या ध्यानात आले. निधीने घाईघाईने कार्यकारिणीतल्या सगळ्यांना फोन लावले. सगळ्यांचे संगणक त्या फोल्डरला जोडलेले असल्याने ते सगळीकडेच रिकामे झाले होते, शंकर नगरात, पंडरीत आणि बीरगांवातही. हे घडून कितीतरी दिवस लोटले होते. एकाचीही तक्रार नव्हती. संख्याशास्त्रीय भाषेत सांगायचे तर, फोटो जपावेत असे मानणारे सभासद शंभर टक्के, आणि ते उघडून पाहणारे दशांश चिन्हाच्या उजवीकडे कुठेतरी.

बाकीच्या फोटोंचे बाबारावांना तितके वाटले नाही. पण संध्याकाळी सुनीतीवहिनी पहिल्या रांगेत येऊन बसतील आणि पडद्याकडे बघत हात जोडतील, या विचाराने त्यांना रडू आले. त्या बाईजवळ नवऱ्याच्या हातची ती एकच गोष्ट होती आणि ती आपण झाडून टाकली, हे त्यांना सहन होईना. राजीनामा देऊन कायमचे नागपूरला जावे, असेही मनात येऊन गेले (तिथे थोरला जावई आहे, म्हणून तो विचार मागे पडला).

मग त्यांची नजर समईशेजारच्या तांब्यावर गेली.

पुढचे काम मंचामागे पार पडले. निधीने तांब्या धरला. बाबारावांनी मोबाइल दिव्यासमोर नेला, डोळे मिटून नरहरीपंतांचे स्मरण केले आणि कॅमेऱ्यावर अंगठा ठेवला. पहिला फोटो फार काळा आला, दुसरा बोटासारखा दिसला. तिसऱ्या वेळी निधी वडिलांच्या कामात पहिल्यांदाच मराठीत बोलली, "बाबा, अंगठा जरा वर घ्या." आणि फोटो साधला.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरले. पडद्यावर अंगठा उमटला, सुनीतीवहिनींनी हात जोडले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या थांबल्यावर बाबारावांनी निवेदन केले: काही सभासदांचे फोटो दाखवणे आणि काहींचे न दाखवणे हा अन्याय होईल, सबब सर्वांना समान न्याय देण्याच्या हेतूने आज हाच एक फोटो शेवटपर्यंत पडद्यावर राहील. हा निर्णय कमालीचा लोकप्रिय ठरला. आपला फोटो दिसणार नाही, याचे दुःख कोणालाच झाले नाही. शेजाऱ्याचा दिसणार नाही, याचे समाधान मात्र सर्वांना झाले.

हळूहळू सभागृह रंगात आले. बीरगांवहून आलेल्या ममताबाईंनी सांगितले, त्या सहलीत या अंगठ्यामागे आपणच उभ्या होतो, पोपटी साडीत. नीलेशने ठासून सांगितले की त्या अंगठ्यामागे आपले बाबा होते, आणि त्यांच्या कडेवर आपण. मागच्या रांगेतल्या क्षमाताईंना डावीकडे आपला डबासुद्धा दिसला. आता मात्र सगळ्यांचाच धीर सुटला. मंचावर चढून लोक पडद्यावर आपापली जागा बोटाने दाखवू लागले, दोन घराण्यांत पुढल्या रांगेवरून वाद झाला, आणि चहा येईपर्यंत अंगठ्यामागे उभ्या असलेल्यांची संख्या त्या वर्षीच्या एकूण सभासदसंख्येच्या दुपटीवर गेली. ज्यांचा तेव्हा जन्म झाला नव्हता त्यांनाही मोठ्या मनाने मागे जागा करून देण्यात आली. अंगठ्यामागे जागा कधी कमी पडली नाही, हे इथे नमूद केले पाहिजे.

बाबाराव एका कडेला उभे राहून हे बघत होते आणि त्यांना हसू आवरत नव्हते. खऱ्या फोटोत त्या अंगठ्यामागे एकटे तेच होते. आणि या फोटोत तर अंगठाच त्यांचा होता. इतक्या वर्षांत मंडळाच्या फोटोत ते पहिल्यांदा आले होते, तेही सबंध पडदाभर, आणि लोक त्यांच्यासाठी टाळ्या वाजवत होते.

गर्दी पांगल्यावर सुनीतीवहिनी त्यांच्याजवळ आल्या. बाबाराव पडद्याची वायर गुंडाळू लागले.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "तव्हा तांब्या डावीकडं होता."

बाबारावांनी मान खाली घातली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "चांगला आला. पुढच्या वर्षी बी हाच लावजा."

घरी पोचेपर्यंत बाबारावांच्या मोबाइलला उसंत नव्हती. प्रत्येक सभासदाने पडद्याचा फोटो काढला होता, अंगठ्यासोबत स्वतःचाही काढला होता, आणि जपून ठेवावेत म्हणून सचिवांना पाठवले होते. फोल्डर दुथडी भरून वाहू लागले. संगणकाने डिस्क भरल्याचे जाहीर केले. कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावण्यात आली असून अनावश्यक फोटो काढून टाकण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला आहे.

आता या मंडळाला तुम्ही खुशाल हसा. हसून झाले की आपला मोबाइल काढा. त्यातही कुठेतरी एक अंगठा असेल. कोणाचा, ते तुम्हाला ठाऊक आहे. तो पुसून दाखवा पाहू.